लोकाभिमुख इतिहासकार्य (कोकण)

इतिहासाच्या अभ्यासकाने आपले संशोधन ग्रंथ आणि परिसंवाद यांपुरते न ठेवता संग्रहालय, प्रदर्शन व डिजिटल नोंदी यांच्याद्वारे सर्वसामान्यांसमोर मांडणे, आणि ते उभारताना लोकांकडील माहितीलाही साधन मानणे, यास लोकाभिमुख इतिहासकार्य म्हणतात. कोकण किनारपट्टीवर या कार्याला वेगळे वळण मिळाले आहे, कारण येथील साधनांचा मोठा भाग दफ्तरखान्यात नसून सड्यांवर (उघड्या कातळाच्या पठारांवर), देवळांच्या आवारांत आणि घरांच्या माळ्यांवर आहे.

जांभ्याच्या सड्यांवरील कातळशिल्पे, म्हणजे कातळात खाचा पाडून कोरलेली चित्रे, हे याचे ठळक उदाहरण होय. रत्नागिरीतील निसर्गयात्री संस्थेच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव हिंडून, गुराखी आणि शेतकरी यांना विचारत अनेक शिल्पस्थाने नोंदवली. २०२२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील सात, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील एक अशी नऊ स्थाने युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत आली. कशेळी येथील हत्ती सुमारे १८ मीटर लांब असून त्याच्या देहरेषेच्या आत इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत; शेजारी उभ्या राहिलेल्या माणसाला मात्र हत्ती दिसत नाही, नुसत्या खाचा दिसतात. ड्रोनने घेतलेली छायाचित्रे आणि त्यांवरून जुळवलेली त्रिमितीय प्रतिकृती येथे शोभेची वस्तू राहत नाही, तर शिल्प पाहण्याचे साधन बनते. पावसाळ्यात खाचांत पाणी साचते व गवत माजते, त्यामुळे चित्रणाचा हंगामही ठरलेला असतो. एका प्रश्नाचे उत्तर मात्र सर्वत्र सारखे देता येत नाही. नेमके स्थान नकाशावर जाहीर केल्यास चिरेखाण किंवा रस्त्याच्या कामापूर्वी हरकत घेता येते, पण राखण नसलेल्या सड्यावर पर्यटकांची पावलेही त्याच नकाशावरून येतात. माहितीफलक लिहिणेही सोपे नाही, कारण उघड्या कातळावर कालनिर्णयास उपयोगी थर क्वचितच मिळतात. त्यामुळे एकच वर्षसंख्या छापण्यापेक्षा अभ्यासकांची मतभिन्नता सांगणे आणि गावात ही चित्रे पांडवांशी जोडली जात असल्यास ती समजूतही वेगळी नोंदवणे अधिक प्रामाणिक ठरते.

रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यात प्रश्न वेगळा आहे. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा १८८५ मध्ये पदच्युत झाल्यावर त्यास सहकुटुंब प्रथम मद्रासला व १८८६ मध्ये रत्नागिरीस आणण्यात आले. हा वाडा १९१० मध्ये पूर्ण झाला आणि १९१६ मध्ये थिबाचे निधन झाले, म्हणजे तीस वर्षांच्या नजरकैदेतील जेमतेम सहा वर्षे तो येथे राहिला. वास्तूचा डौल पाहून प्रेक्षकाच्या मनात ऐश्वर्य ठसते. ब्रिटिशांनी आपल्या कैद्यासाठी बांधलेले हे घर होते, ही गोष्ट मांडणीतूनच दाखवावी लागते. राजाची थोरली मुलगी पुढे रत्नागिरीतच राहिली, त्यामुळे ही कथा शहराच्या कौटुंबिक आठवणींतही शिरलेली आहे.

किनाऱ्यावरील घरांत मोडी कागदपत्रेही आहेत. मूळ रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) घरीच ठेवून केवळ त्यांची प्रतिमा घेण्याची पद्धत अशा ठिकाणी सोयीची पडते, कारण जमिनीच्या वादाच्या धास्तीने अनेक जण कागद बाहेर देत नाहीत. धास्ती अगदीच निराधार असते असे नाही.

कुडाळजवळील पिंगुळी येथे ठाकर समाजातील कलावंत परशुराम गंगावणे (पद्मश्री, २०२१) यांनी आपल्या गोठ्याचेच संग्रहालय केले. तेथे चित्रकथीच्या (चित्रे दाखवत कथा सांगण्याच्या कलेच्या) पोथ्या आणि कळसूत्री बाहुल्या ठेवलेल्या आहेत, आणि त्यांचे खेळ करणारे त्याच घरात राहतात.