काळ्या चहाचा रंग आणि कोठडीतला ‘हार्ट अटॅक’

परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये कायद्याचं शिक्षण घेणारा एक तरुण न्यायालयीन कोठडीत मरण पावला. त्याआधीचे दिवस त्याने पोलीस कोठडीत काढले होते. सुरुवातीला कारण आजारपणाचं सांगितलं गेलं. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात मात्र अनेक जखमांमुळे शॉक असं लिहिलेलं होतं. त्या आठवड्यात आमच्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत चहाच्या गाड्यावर याचीच चर्चा होती आणि एका भल्या माणसाने ठासून सांगितलं, “मांडीवर चार दणके दिल्यानं कोण मरतंय व्हय? ॲटॅकच आला असणार की.”

त्या खटल्याचा निकाल न्यायालय देईल. पण हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय, सुशिक्षित माणसांकडूनही. डोक्यात मारलं तर माणूस मरतो, पोटात मारलं तर मरतो, मांडीवर, कुल्ल्यावर, तळपायावर मारलं तर फक्त दुखतं, असा सगळ्यांचा समज आहे. मारणाऱ्यांचाही तोच समज असतो, म्हणून तर या जागा निवडल्या जातात. हा समज साफ चूक आहे आणि या चुकीने माणसं मेली आहेत.

मी रक्त-लघवी तपासायची लॅब चालवतो. काही वर्षांपूर्वी एक पोरगा जिना उतरताना धरतात तशी भिंत धरत आत आला. पोलीस भरतीची तयारी करत होता. तालमीत वस्ताद नसताना मित्रांशी पैज लावून त्याने एका दमात आठशे बैठका मारल्या होत्या. आधी सवय पन्नासाची. दोन दिवसांनी मांड्या दगडासारख्या झाल्या आणि लघवीचा रंग बदलला. बाटली हातात घेतली तर आत दूध न घातलेला, जास्त उकळलेला चहा असावा तसा रंग. लघवी तपासायची पट्टी बुडवली. रक्त दाखवणारा पिवळा चौकोन मिनिटाच्या आत गर्द हिरवा झाला. म्हणजे लघवीत रक्त. मग तीच लघवी यंत्रात गरगर फिरवून, तळाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतला, तर तांबडी पेशी एकही नाही. पुन्हा थेंब घेतला. तरीही नाही.

पट्टी ‘रक्त आहे’ म्हणते आणि डोळ्याला रक्ताची पेशी दिसत नाही, तेव्हा लघवीत मायोग्लोबिन असण्याची दाट शक्यता असते. रक्तातलं हिमोग्लोबिन आणि स्नायूतलं मायोग्लोबिन ही चुलत भावंडं. दोघांच्याही पोटात लोह असलेला तोच तांबडा भाग असतो आणि पट्टीला एवढंच कळतं. त्या पोराचं सीपीके तपासलं, म्हणजे स्नायू फुटले की रक्तात वाढणारं विकर (एन्झाइम). एरवी ते दोनशेच्या आत असतं, त्याचं साठ हजारांच्या वर गेलं होतं. त्याला थेट दवाखान्यात पाठवलं, चार दिवस सलाईन चाललं आणि मूत्रपिंडं वाचली. वस्तादांच्या कानावर घातलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “नव्या पोराला म्हणूनच बैठका मोजून देतो. लघवी लाल झाली की मूत्रपिंडं जातात, हे आमच्या वस्तादांनी सांगून ठेवलंय.”

आता आत काय घडतं ते बघू. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सावकाश जातो.

स्नायूची पेशी म्हणजे पातळ पडद्याची लांब पिशवी. पडद्याच्या आत आणि बाहेर क्षारांची पातळी अगदी वेगळी असते आणि ती तशी राखण्यासाठी पेशी रात्रंदिवस पंप चालवते. कॅल्शियम बाहेर आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट जास्त. पोटॅशियमचं उलट, शरीरातलं ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत. मार बसतो तेव्हा हा पडदा फाटतो. गिरणीच्या पट्ट्यासारखी रुंद वस्तू असेल तर जोर पसरतो, कातडी फुटत नाही, पण धक्का खोल स्नायूपर्यंत पोचतो. फाटलेल्या पडद्यातून कॅल्शियम आत घुसतं. कॅल्शियम हा स्नायूला आखडण्याचा इशारा असतो, त्यामुळे पेशी आखडतच राहते, शिल्लक इंधन जाळून टाकते आणि पंप बंद पडतात. त्याच कॅल्शियमने पेशीतली प्रथिनं तोडणारे विकर जागे होतात आणि पेशी स्वतःलाच आतून पचवू लागते. मार थांबल्यानंतरही हे चालू राहतं.

मग पेशीतला माल रक्तात येतो. त्यातलं मायोग्लोबिन लहान रेणू, हिमोग्लोबिनच्या साधारण पाव आकाराचा, त्यामुळे मूत्रपिंडाच्या गाळणीतून सहज पार होतं. पुढे बारीक नळ्यांमध्ये लघवी आम्लधर्मी असेल तर तिथल्या प्रथिनाशी ते चिकटतं आणि मोरीत भाताचा बोळा अडकावा तसे बोळे तयार होतात. लोह नळीच्या भिंतीही जाळतं. त्याच वेळी सुजलेल्या मांड्यांमध्ये काही लिटर पाणी ओढलं जातं, म्हणजे रक्ताचं आकारमान घटतं आणि मूत्रपिंडाला रक्तच कमी पडतं. वरून पाणी बंद आणि खाली मोरी तुंबलेली.

आणि पोटॅशियम. पंचगंगेचं उदाहरण देतो, कारण कोल्हापुरात ते समजावून सांगावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्याला इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. चार फुटांचा फरक, आणि त्यात अर्धं शहर जागं होतं. रक्तातल्या पोटॅशियमची पातळी लिटरमागे साडेतीन ते पाच मिलिमोल (क्षार मोजायचं एकक) असते आणि साडेसहाच्या वर हृदयाला धोका. इथेही फरक थोडकाच. आता हिशेब करा. रक्त आणि पेशींबाहेरचं सगळं पाणी मिळून मोठ्या माणसात पोटॅशियम असतं साठ मिलिमोलच्या आसपास. एक किलो स्नायूच्या आत असतं ऐंशी ते शंभर. दोन्ही मांड्या आणि कुल्ले मिळून स्नायू कित्येक किलो भरतात. त्यातला एक किलो जरी फुटला आणि मूत्रपिंडं बंद असली, तर राधानगरीचे सगळे दरवाजे एकदम उघडल्यासारखं होतं. हृदयाचे ठोके पेशींच्या आतल्या-बाहेरच्या पोटॅशियमच्या फरकावर चालतात. तो फरक मिटला की ईसीजीतली लाट आधी उंच, टोकदार होते, मग पसरते आणि हृदय थांबतं.

‘हार्ट अटॅक’ या शब्दाची गंमत नव्हे, शोकांतिका इथे आहे. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन हृदयाचा तुकडा मरणं. हृदय थांबणं ही वेगळी गोष्ट. मरणाऱ्या प्रत्येकाचं हृदय थांबतं, त्यामुळे ‘हृदयक्रिया बंद पडून मृत्यू’ हे कारण नव्हे. ते कशाने बंद पडलं, हा प्रश्न तसाच उरतो.

हे ज्ञान नवं नाही. १९४१ साली लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा बायवॉटर्स आणि बील या संशोधकांनी ढिगाऱ्याखालून काढलेले चार रुग्ण नोंदवले. पाय दबलेले, बाहेर काढल्यावर बरे वाटणारे, आणि मग लघवी काळी होऊन आठवड्याभरात गेलेले. १९९३ साली श्रीनगरच्या शेर-ए-काश्मीर वैद्यकीय संस्थेतल्या डॉक्टरांनी मारहाणीनंतर मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसांवर शोधनिबंध लिहिला. कारण सारखंच, फक्त भिंतीऐवजी काठी.

या सगळ्यातून उत्तरदायित्वाबद्दल मला एकच गोष्ट सांगायची आहे. माराची वेळ आणि मरणाची वेळ यांत तासांचं नव्हे, दिवसांचं अंतर असू शकतं. माणूस ठाण्यात मार खातो, मरतो तुरुंगात, दवाखान्यात किंवा जामिनावर सुटून घरी. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे २०२१-२२ मध्ये पोलीस कोठडीतले १७५ मृत्यू नोंदले गेले. त्यात घरी येऊन तिसऱ्या दिवशी गेलेला माणूस धरलेला नसतो. चौकशीतही शेवटचा तास बघितला जातो, कारण हृदय तेव्हा थांबलं. बघायला हवेत त्याच्या मागचे किमान तीन दिवस. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात आवाजासह सीसीटीव्ही बसवा, चित्रण अठरा महिने, निदान वर्षभर ठेवा, असा आदेश दिला. त्या चित्रणाचा उपयोग अटकेच्या क्षणापासून सलग बघितलं तरच आहे.

शवविच्छेदनाचंही तेच. कातडी शाबूत असते म्हणून वरून बघून ‘जखमा नाहीत’ लिहिलं जातं. पाठ, कुल्ले, मांड्या, पोटऱ्या, तळपाय खोल चिरून स्नायू बघावे लागतात आणि मूत्रपिंडाचा तुकडा मायोग्लोबिनसाठी तपासावा लागतो. रक्तातलं पोटॅशियम मृत्यूनंतर आपोआपच वाढतं, त्यामुळे तो पुरावा जाळण्याआधीच गेलेला असतो. मानवी हक्क आयोगाने १९९५ सालीच अशा शवविच्छेदनाचं चित्रीकरण करा असं राज्यांना कळवलं. कॅमेरा मात्र उघडलेल्या स्नायूवर रोखलेला हवा.

जिवंतपणीची तपासणी त्याहून सोपी. डी. के. बसू खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानुसार कोठडीतल्या माणसाची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. बोली भाषेत याला ‘मेडिकल करून आणणे’ म्हणतात. ओपीडीची रांग, बाजूला शिपाई उभा, डॉक्टर विचारतात “काही त्रास?” आणि तो मान हलवतो. या तपासणीत लघवीची एक पट्टी घाला. तिला काही रुपये लागतात, एक मिनिट लागतं, आणि ती शिपायाला घाबरत नाही. चौकोन हिरवा झाला तर त्याच दिवशी पोटॅशियम आणि सीपीके. यामुळे माणूस वाचेल आणि मार कधी बसला याची तारखेसकट नोंदही राहील.

आणि प्रशिक्षण. पहाटे रंकाळा तलावाभोवती पोरं भरतीच्या १६०० मीटरसाठी धावतात, बैठका मारतात. उद्याचे शिपाई हेच. तुरचीसारख्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात त्यांना कवायत, कायदा, शस्त्रं शिकवली जातात. तिथे एक दुपार यासाठी द्या. त्यांना उपदेश करू नका, पट्टी दाखवा. बैठकांनी स्वतःच्या मांड्या आखडल्याचा अनुभव प्रत्येकाला असतो, तिथून सुरुवात करा. ‘पायावर मारलं तर चालतं’ हे वाक्य जुन्या हवालदाराकडून ऐकायच्या आधी त्यांच्या कानावर हे पडलं पाहिजे.

माराशिवाय तपास कसा होणार, असं लगेच विचारलं जातं. ब्रिटनमध्ये १९८४ च्या कायद्याने चौकशीचं ध्वनिमुद्रण आलं आणि १९९२ पासून पोलिसांना संशयिताला बोलतं करण्याची नवी पद्धत शिकवली जाऊ लागली. आधी मोकळं बोलू द्यायचं, मग पुराव्याशी ताडून विसंगती पुढे ठेवायची. दुखणारा माणूस दुखणं थांबेल ते बोलतो. आपल्याकडे पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात चालतही नाही. नार्को चाचणी, ब्रेन मॅपिंग हे तर मला नारळ फिरवून चोर सांगणाऱ्या देवऋषाच्याच ओळीतले वाटतात, फक्त यंत्र महाग. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सक्ती बेकायदा ठरवली आहे, तरी प्रत्येक मोठ्या गुन्ह्यानंतर वाहिन्यांवर नार्कोची मागणी होतेच.

विधी आयोगाने १९८५ साली सुचवलं होतं की कोठडीत जखम झाली तर ती पोलिसांनी केली असं न्यायालयाला गृहीत धरता यावं. ते कायद्यात आलं नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २००१ ते २०२० या काळात १,८८८ कोठडी मृत्यू झाले आणि शिक्षा झाली २६ पोलिसांना. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, मुंबईच्या खेपा वाचल्या आहेत. तिथे जाणाऱ्या अर्जात लघवीचा रंग आणि तो दिसल्याची तारीख असेल तर ते वाक्य डॉक्टरला फार काही सांगेल.

घरचं कुणी मार खाऊन सुटून आलं, तर आधी लघवीचा रंग विचारा. काळ्या चहासारखी असेल, किंवा होतच नसेल, तर डायलिसिसची सोय असलेल्या दवाखान्यात त्याच रात्री न्या, आणि मार बसलाय हे तिथे स्पष्ट सांगा, पडलो म्हणून सांगू नका. अंगदुखीची डायक्लोफेनॅकसारखी गोळी देऊ नका, ती मूत्रपिंडावर आणखी ताण आणते. आणि आजाऱ्याला भेटायला जाताना आपण प्रेमाने नेतो ते शहाळं त्या रात्री नेऊ नका. त्यात पोटॅशियम भरपूर असतं.