खंड पडल्यानंतरचे शरीर: काय गमावते, काय राखून ठेवते

नाशिकमध्ये व्यायामात खंड पडण्याचा एक ठरलेला हंगाम आहे. उन्हाळ्यात पहाटेपासून गजबजणारा गोल्फ क्लब मैदानाचा जॉगिंग ट्रॅक जुलैत विरळ होऊ लागतो आणि गोदावरीचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले की फिरायला निघणाऱ्यांपेक्षा पूर पाहायला निघणारेच जास्त दिसतात. पाठोपाठ श्रावणातल्या उपवासांची साबुदाणा खिचडी, गणपतीचे मोदक, घरोघरी एखाद्याला आडवे करणारा डेंग्यू किंवा चिकुनगुनिया आणि शेवटी दिवाळीचा फराळ येतो. थंडी पडल्यावर माणूस पुन्हा बूट बांधून बाहेर पडतो, तेव्हा पहिल्याच फेरीत धाप लागते, वजनकाटा दोन किलो जास्त दाखवतो आणि वर्षभराची मेहनत पाण्यात गेली, असे तो स्वतःच ठरवून टाकतो. हा निवाडा शरीरशास्त्राला मान्य होण्यासारखा नाही. खंडाच्या काळात शरीराच्या निरनिराळ्या क्षमता निरनिराळ्या वेगाने उतरतात, परत येतानाही त्यांचे वेग वेगळे असतात, आणि काही गोष्टी तर उतरतच नाहीत. परतीचा मार्ग आखायचा तर हे वेग माहीत असायला हवेत.

सर्वांत आधी जातो तो दम. नियमित व्यायाम करणाऱ्याच्या शरीरात रक्तातील द्रवाचे, म्हणजे रक्तद्रवाचे प्रमाण वाढलेले असते. त्यामुळे हृदय भरून येते आणि प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त पुढे ढकलते. व्यायाम थांबला की हे जादा द्रव शरीर काही दिवसांतच कमी करू लागते. अमेरिकेतील एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये कसलेल्या खेळाडूंचा सराव बंद करून मोजमापे घेतली, तेव्हा शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्क्यांनी घटली आणि आठ आठवड्यांनंतर ती सुमारे १६ टक्क्यांच्या घटीवर स्थिरावली. त्याच गटाने पुढे दाखवून दिले की सराव सुटलेल्या माणसाच्या रक्तातील द्रव कृत्रिमरीत्या पूर्ववत केला, तर हृदयाची गेलेली कामगिरी बरीचशी भरून निघते. पहिल्या फेरीतली धाप हृदय कमजोर झाल्याचे लक्षण असतेच असे नाही; पुष्कळदा तो रक्तद्रवाचा हिशेब असतो, आणि नियमित चालणे सुरू झाल्यावर तो लवकर जुळू लागतो.

अंथरुणाला खिळणे मात्र साध्या खंडापेक्षा फार महाग पडते. १९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे बिछान्यावर झोपवून ठेवण्यात आले आणि तेवढ्यात त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता पाव हिश्श्याहून अधिक खाली आली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा वय, वजन आणि बैठे काम मिळूनही तीन दशकांत झालेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी भरली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पन्नाशीतल्या या माणसांनी सहा महिने हळूहळू वाढत जाणारा व्यायाम केला आणि वयामुळे गेलेली ही क्षमता परत मिळवली. पाच जणांवरून सगळ्या मानवजातीविषयी बोलू नये हे खरे, पण आजारपणात जे जाते ते कायमचे जात नाही, एवढा धीर हा अभ्यास निश्चित देतो.

स्नायूंची गोष्ट अधिक रंजक आहे. स्नायूची एकेक पेशी लांबच लांब असते आणि तिच्यात एक नव्हे, अनेक केंद्रके असतात. वजने उचलण्याच्या व्यायामाने पेशी जाड होते तेव्हा तिच्यात नवी केंद्रके भरती होतात. ऑस्लो विद्यापीठातील क्रिस्टियन गुंडरसन यांच्या गटाने २०१० मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगात असे आढळले की पुढे स्नायू रोडावला, तरी ही वाढीव केंद्रके काही महिने जागेवरच राहिली. द्राक्षबागेत हंगाम सरल्यावर मजुरांची टोळी निघून जाते, पण मुकादम राहिला तर पुढच्या छाटणीला काम लवकर उभे राहते, तसा हा प्रकार आहे. माणसात केंद्रके अशीच टिकतात का, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. मात्र आधी कमावलेला स्नायू दुसऱ्यांदा लवकर कमावता येतो, हा अनुभव मोजमापांत उतरला आहे. फिनलंडमधील युवास्क्युला विद्यापीठाच्या २०२४ मधील अभ्यासात एका गटाने सलग वीस आठवडे वजनांचा व्यायाम केला, तर दुसऱ्याने दहा आठवडे करून मध्ये दहा आठवडे पूर्ण विश्रांती घेतली आणि मग उरलेले दहा आठवडे पूर्ण केले. अखेरीस दोन्ही गटांची ताकद आणि स्नायूंचा आकार जवळजवळ सारखाच निघाला, कारण विश्रांती घेतलेल्यांनी पहिल्या काही आठवड्यांतच गमावलेले भरून काढले होते.

रक्तातील साखरेचा हिशेब याच्या अगदी उलट, रोजच्या रोज चालतो. व्यायामानंतर स्नायू साधारण एक ते दोन दिवस साखर अधिक सहजपणे ओढून घेतात आणि नंतर तो परिणाम ओसरतो. म्हणजे चार महिने चाललेल्या माणसाचाही हा लाभ आठवडाभरात बराच ओसरतो, पण चार महिने न चाललेल्याला तो पहिल्याच दिवशी पुन्हा मिळू लागतो. मधुमेह असलेल्यांनी जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे सोसायटीच्या आवारात चालण्यापासून सुरुवात करावी, असे सुचवण्यामागे हेच कारण आहे. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर साखर अचानक खाली जाऊ नये म्हणून डॉक्टरांना आधी विचारलेले बरे.

या सगळ्यात एक घटक मात्र घाई मुळीच सोसत नाही. स्नायूला हाडाशी बांधून ठेवणाऱ्या कंडरांचे नूतनीकरण अतिशय संथ असते. टाचेच्या वरच्या जाड कंडरेचा गाभा तर वयाची पहिली सतराएक वर्षे संपल्यावर जवळपास बदलतच नाही, असे डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले. दम दोन आठवड्यांत सुधारतो, स्नायूंना जुने काम आठवते, आणि नेमक्या त्याच वेळी माणूस उत्साहाने पांडवलेणीच्या पायऱ्या भराभर चढू लागतो किंवा एकदम अंजनेरीचा बेत ठरवतो. गुडघा आणि टाच तेव्हा तयार नसतात. परतणाऱ्यांच्या दुखापती पहिल्या दिवसापेक्षा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जास्त का दिसतात, याचे उत्तर बहुधा या वेगांच्या तफावतीत आहे. खंडापूर्वीच्या निम्म्या अंतरापासून आरंभ करून दर आठवड्याला थोडेच वाढवणे कंटाळवाणे वाटते, पण त्याला पर्याय मला दिसत नाही. डेंग्यूनंतर आठवडेच्या आठवडे थकवा राहू शकतो, चिकुनगुनियात सांधे काही महिनेही दुखतात. अशा वेळी कालच्या चालण्याने आज सकाळी अधिक गळून गेल्यासारखे वाटत असेल, तर अंतर वाढवण्याऐवजी कमी करावे.

आता वजनकाट्याकडे वळू. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. दिवाळीच्या चार दिवसांत खरोखर दोन किलो चरबी चढायची, तर रोजच्या गरजेपेक्षा जवळजवळ ४,००० किलोकॅलरी जास्त, म्हणजे दोन माणसांचे अन्न अधिक, आणि तेही चारही दिवस खावे लागेल. चकल्या कितीही खुसखुशीत असोत, बहुतेकांना हे जमत नाही. काट्यावर वाढलेला बराचसा भाग पाण्याचा असतो. स्नायू आणि यकृत पिष्टमय पदार्थांतली साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. चिवडा-शेवेतले मीठ त्यात आणखी भर घालते. रोजचे जेवण सुरू झाले की हे पाणी काही दिवसांत निघून जाते, म्हणून भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी वजन करण्यात अर्थ नसतो. चार महिन्यांच्या खंडात चढलेली चरबी अर्थात खरीच असते, पण तीही जशी सावकाश चढली तशी सावकाशच उतरते.

खरे नुकसान पुष्कळदा खंडाने होत नाही, खंडानंतरच्या विचाराने होते. १९७५ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला आणि नंतर चव तपासण्याच्या निमित्ताने हवे तेवढे आइस्क्रीम खाऊ दिले. एरवी खाण्यावर निर्बंध न घालणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. पोट भरले होते, इतकेच. डाएट करणाऱ्यांनी मात्र उलट जास्त खाल्ले. नियम मोडलाच आहे, मग आता कशाला आवरायचे, हा तो हिशेब. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात ॲलन मार्लॅट यांनी हीच गोष्ट विस्ताराने मांडली: एकदा पाय घसरणे आणि पूर्ण परत जाणे यांच्यामध्ये माणूस त्या घसरण्याला काय कारण देतो, हे उभे असते. 'माझ्यात जिद्दच नाही' असे कारण दिले की पुढची घसरण सोपी होते. 'पाऊस होता आणि घरात आजारपण होते' असे दिले की परतणे सोपे होते, आणि बहुतेक वेळा दुसरे कारणच वस्तुस्थितीला धरून असते.

सवयीविषयी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली यांचा २०१० मधील अभ्यास फार बोलका आहे. ९६ जणांनी एखादी नवी कृती रोज ठरलेल्या प्रसंगी करायची होती. ती अंगवळणी पडायला लागलेला काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता, मध्यांक ६६ दिवसांचा. त्यामुळे एकवीस दिवसांत सवय लागते हे सर्रास ऐकू येणारे वाक्य सोडून द्यावे. एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्याच्या वाटेत फारसा फरक पडला नाही, हे त्याहून उपयोगाचे. सवय बांधलेली असते ती प्रसंगाशी: चहा झाला की बूट, मुलांना शाळेच्या बसमध्ये बसवले की तिथूनच फेरी. परतताना जुना प्रसंग शाबूत असेल, तर निम्मे काम झालेले असते. तो बदलला असेल, म्हणजे कामाची पाळी बदलली असेल किंवा मुलगा कॉलेजात गेला असेल, तर जुन्या वेळेचा हट्ट न धरता नवा प्रसंग शोधावा लागतो.

खाण्याच्या बाबतीत नाशिककराची परीक्षा रविवारी सकाळी असते, कारण इथे फेरफटका, सायकल आणि गड या तिन्हींचा शेवट मिसळीवर होतो. ती सोडून द्या, असे सांगणारा सल्ला टिकत नाही आणि तो पूर्ण बरोबरही नाही. ताटलीत मोड आलेली मटकी असते, दही असते, कांदा-लिंबू असते. हे उत्तम आहे. अडचण आहे ती वरच्या तर्रीच्या तेलाची, फरसाणाच्या डोंगराची, तळलेल्या पापडाची आणि मागितला की येत राहणाऱ्या पावाची. मटकी जास्त, फरसाण वेगळ्या वाटीत आणि दोन पावांवर थांबणे, एवढ्याने त्या ताटलीचे रूप बदलते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाच्या ऊर्जेतील धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपुढे जाऊ नये आणि ताटाचा अर्धा भाग भाज्या-फळांचा असावा, असे म्हटले आहे. आपल्या घरी पोळी-भाताने भरलेल्या ताटात बदल करायचा तर आधी भाजीची वाटी मोठी करावी आणि वरण घट्ट करावे. पेठ-सुरगाण्याकडची नागलीची भाकरी ताटात आली तर चांगलेच, पण तीही धान्यातच मोजायची.

पुढचा पावसाळा येणारच आहे, तेव्हा खंड पूर्ण पडू न देण्याचा किमान खर्च किती, हेही पाहून ठेवावे. १९८० च्या दशकाच्या आरंभी रॉबर्ट हिक्सन यांनी आठवड्यातून सहा दिवस सराव करणाऱ्यांना दोनच दिवसांवर आणले, मात्र त्या दोन दिवसांतला जोर कमी केला नाही. पंधरा आठवडे त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता टिकून राहिली. अमेरिकेतील अलाबामा येथे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वजनांचा व्यायाम मूळच्या नवव्या हिश्श्यावर आणला, तरी विशी-तिशीतल्यांच्या स्नायूंचा आकार टिकला. साठीपुढच्यांची ताकद बरीचशी राहिली, पण आकार उतरला. म्हणून ज्येष्ठांनी पावसाळ्यातही आठवड्यातले दोन दिवस तरी खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचे आणि जिन्याचे व्यायाम घरातच, दम लागेल इतक्या जोराने, कठड्याला हात धरून चालू ठेवावेत. तरुणांना जिन्याच्या दहा-बारा मिनिटांच्या चढ-उतारावर चार ओले महिने पुष्कळसे निभावून नेता येतील.