मुलांचे फोटो: आधी उजेड, मग एडिटिंग

भर दुपारी अंगणात उभं करून काढलेला मुलाचा फोटो बघा. डोळ्यांच्या खोबणीत काळोख, नाकाखाली सावलीचा काळा ठिपका, कपाळ पांढरंफटक, आणि उन्हानं आक्रसलेला चेहरा. उजेडाची कमतरता नव्हती, फोनही चांगला होता. बिघडलं ते उजेडाच्या आकारामुळे.

सूर्य प्रचंड आहे, त्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर. पण १५ कोटी किलोमीटरवरून तो आपल्याला आकाशात जेमतेम अर्धा अंश रुंद दिसतो. एवढ्याशा जागेतून उजेड येतो तेव्हा चेहऱ्यावरच्या प्रत्येक बिंदूला सूर्य एक तर दिसतो, नाही तर नाकाच्या किंवा भुवईच्या आड जातो. मधली अवस्था जवळपास नसतेच, म्हणून सावलीची कड सुरीनं कापल्यासारखी पडते. आता त्याच मुलाला सव्वा मीटर रुंदीच्या खिडकीपासून एक मीटरवर बसवा. खिडकी त्याच्या चेहऱ्याला साठ अंशांहून जास्त रुंद दिसते. नाकाच्या बाजूच्या एखाद्या बिंदूला अर्धी खिडकी दिसते, त्याच्या पुढच्याला पाव, आणखी पुढे अगदी थोडी. सावली हळूहळू गडद होत जाते आणि गालाची गोलाई दिसू लागते. श्रावणातल्या ढगाळ दिवशी फोटो सुरेख येतात त्याचं कारणही हेच. तेव्हा सगळं आकाशच उजेडाचा उगम झालेलं असतं.

म्हणून घरात फोटो काढायचा तर थेट ऊन न येणारी मोठी खिडकी निवडावी. ऊन येतच असेल तर पातळ पांढरा पडदा ओढावा. मग सूर्याऐवजी तो उजळलेला पडदा चेहऱ्यावर प्रकाश टाकतो. मुलाला खिडकीकडे तोंड करून बसवण्यापेक्षा थोडं तिरकं बसवलं, की एक गाल उजळ आणि दुसरा किंचित सावलीत येतो, चेहऱ्याला खोली मिळते. सावलीची बाजू फारच काळी वाटली तर तिकडून पांढरी चादर किंवा थर्माकोलचा तुकडा धरावा. मूल खिडकीपासून लांब सरकलं की दोन गोष्टी एकदम होतात: उजेड घटतो, आणि खिडकी लहान दिसू लागल्यामुळे सावल्या पुन्हा कडक होतात. त्यामुळे जवळच बसवावं.

भिंतींकडेही लक्ष हवं. पिस्ता रंगाच्या भिंतीवरून उसळलेला उजेड हनुवटीखाली हिरवट छटा सोडतो, लालभडक फ्रॉक गळ्यावर लाली उधळतो. खिडकीच्या उजेडात फोटो काढताना घरातले दिवे बंद करावेत, हे तर मी प्रत्येकाला सांगतो. उजेड किती निळसर किंवा पिवळसर आहे हे रंगतापमानावरून कळतं; आकडा कमी तितका उजेड पिवळा. दिवसाच्या उजेडाचं रंगतापमान साधारण ५५०० केल्विन, पिवळ्या बल्बचं २७०० ते ३०००. दोन्ही एकत्र पडले की एक गाल निळसर आणि दुसरा पिवळा होतो. एडिटिंगमधला व्हाइट बॅलन्स अख्ख्या फोटोचा रंग एकाच दिशेला सरकवतो, त्यामुळे एक गाल सुधारताना दुसरा बिघडतो.

खिडकीची आणखी एक देणगी डोळ्यांत दिसते. डोळ्याचं पारपटल, म्हणजे बाहुलीपुढचा पारदर्शक पडदा, हा ओला, फुगीर आरसाच. त्यात खिडकीचं चिमुकलं प्रतिबिंब उमटतं आणि फोटोतले डोळे जिवंत वाटतात. ती चमक नसेल तर हसरं मूलही हरवल्यासारखं दिसतं.

हे सगळं फोनच्या फार आधीचं ज्ञान आहे. छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचा जन्म १८१५ साली कोलकात्याचा. इंग्लंडमध्ये आइल ऑफ वाइट या बेटावर राहत असताना, अठ्ठेचाळीस वर्षांच्या असताना, मुलीनं आणि जावयानं त्यांना कॅमेरा भेट दिला. कोंबड्यांच्या खुराड्याला काचा बसवून त्यांनी स्टुडिओ केला, आणि १८६४ मध्ये ॲनी नावाच्या मुलीचा जो फोटो घेतला त्याला त्या आपलं पहिलं यश म्हणत. कोलोडियन या रसायनाचा ओला थर दिलेल्या काचेवर चेहरा उमटायला तेव्हा फार वेळ लागे, आणि तेवढा वेळ लहान मुलांना हलू द्यायचं नाही! त्या काळच्या काही फोटोंत तर मूल स्थिर राहावं म्हणून आई चादर पांघरून खुर्चीच्या रूपात मागे बसलेली असे. कॅमेरॉन यांच्या छायाचित्रांतली मुलं किंचित अस्पष्ट आहेत, पण बाजूनं येणाऱ्या मऊ उजेडामुळे ती आजही समोर बसल्यासारखी वाटतात.

आपल्याकडे मुलाला थांबवायची गरज उरलेली नाही, तरी वेळेचा हिशेब सुटत नाही. खेळणाऱ्या मुलासाठी सेकंदाचा अडीचशेवा भाग किंवा त्याहून कमी वेळ शटर उघडं राहायला हवं. उजेड कमी असला की फोन एक तर शटर जास्त वेळ उघडं ठेवतो आणि मुलाचा हलता हात पुसट होतो, किंवा तुटपुंजा संकेत वाढवतो आणि फोटो रवाळ होतो. हा रवाळपणा निव्वळ स्वस्त कॅमेऱ्याचा दोष नसतो. प्रकाश फोटॉन या कणांच्या रूपात येतो, आणि ते पावसाच्या थेंबांसारखे अनियमित पडतात. सेन्सरच्या एका पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन येणार असतील तर प्रत्यक्षात त्यात दहाएकचा चढउतार होतो, म्हणजे १० टक्के. १०,००० फोटॉन आले तर चढउतार शंभराचा, म्हणजे फक्त १ टक्का. अंधाऱ्या खोलीतला फोटो नंतर उजळला तरी त्यात न आलेले फोटॉन येत नाहीत. आधीचा चढउतारच मोठा होऊन दिसतो.

अंतराचंही तसंच. गोड चेहरा जवळून टिपायच्या ओढीनं फोन नाकापाशी नेला जातो. मुलाचं नाक फोनपासून ३० सेंटिमीटरवर आणि कान ४० वर असतील तर नाक कानांच्या मानाने तिसऱ्या हिश्शानं मोठं दिसतं. मागे सरकून दीड मीटर अंतर ठेवलं की हा फरक सातेक टक्क्यांवर येतो. मागे जाऊन दुपटीचा झूम वापरावा, आणि गुडघे टेकून मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर यावं.

आता एडिटिंग. आधी रंग जुळवावा. त्यासाठी डोळ्यांतला पांढरा भाग आधार धरू नये, कारण तान्ह्या मुलांत तो मुळातच निळसर असतो. मग उजळ आणि गडद भाग थोडे जवळ आणावेत. इथे किती वाव मिळेल हे फाइलवर ठरतं. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, सेन्सरची कच्ची नोंद जपणाऱ्या १२ बिटच्या रॉ फाइलमध्ये ४०९६. कपाळाचा जो भाग पूर्ण पांढरा झालाय तिथे मात्र कुठलीच नोंद नसते, तो परत आणता येत नाही. म्हणून फोटो काढतानाच फोनच्या पडद्यावर दिसणाऱ्या चेहऱ्यावर बोट टेकवून, गरज पडली तर एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, किंचित खाली ओढावं.

त्वचेला मात्र शक्यतो हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे. प्रकाश त्वचेच्या पृष्ठभागावरून नुसता परतत नाही; तो आत शिरतो, विखुरतो आणि बाहेर येतो. लाल प्रकाश सगळ्यात लांब जातो, म्हणून सावलीच्या कडेला कोवळी लाली दिसते. त्वचा गुळगुळीत करणारा फिल्टर शेजारच्या पिक्सेलची सरासरी काढतो आणि ही लाली, गालावरची लव, सगळं पुसून टाकतो. डाग काढणाऱ्या साधनाला डाग आणि तीट यांतला फरकही कळत नाही. मागचं दृश्य धूसर करणारा पोर्ट्रेट मोड अंतराच्या ढोबळ नकाशावर चालतो, आणि भुरभुरणारं जावळ कडेनं कापून टाकतो.

उजळपणाचं तर आणखी गंभीर आहे. कोडॅक अनेक दशकं फोटो प्रयोगशाळांना रंग जुळवायला गोऱ्या स्त्रीचा नमुना फोटो देत असे. त्याला शर्ली कार्ड म्हणत. सावळ्या त्वचेच्या छटा त्या मापात नीट बसत नव्हत्या. गूगलनं २०२१ मध्ये पिक्सेल ६ फोनसाठी गडद त्वचेचे रंग खरे यावेत म्हणून मुद्दाम काम केलं. आणि आपण ब्यूटी मोड लावून सावळ्या मुलीला आपल्या हातानं गोरी करतो. त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य निळा प्रकाश जास्त शोषतं, त्यामुळे सावळ्या त्वचेतून उबदार तांबूस छटा परत येतात. खिडकीच्या तिरक्या उजेडात त्या त्वचेवर जी झळाळी दिसते ती कुठल्याही स्लायडरनं येत नाही.

एडिटिंगमधली एक गोष्ट करण्यापूर्वी मात्र थांबावं, ती म्हणजे डोळ्यांतली लाली काढणं. फ्लॅश लेन्सला चिकटून असल्यानं त्याचा उजेड बाहुलीतून सरळ आत जातो आणि डोळ्याच्या मागच्या, रक्तानं भरलेल्या पडद्यावरून लाल होऊन परततो. ही लाली निरुपद्रवी असते. पण एका डोळ्यात लाल आणि दुसऱ्यात पांढरट चमक दिसली, किंवा पांढरी चमक वेगवेगळ्या फोटोंत पुन्हा पुन्हा येत असली, तर ती पुसू नये. अनेकदा तो केवळ फ्लॅशच्या कोनाचा परिणाम असतो. पण मोतीबिंदू किंवा रेटिनोब्लास्टोमा हा दृष्टिपटलाचा कर्करोगही असा दिसू शकतो. हा कर्करोग बहुतेक वेळा पाच वर्षांखालील मुलांना होतो आणि लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते. असे फोटो मूळ स्वरूपात जपून ठेवावेत आणि लवकरात लवकर नेत्रतज्ज्ञांना दाखवावेत.