बोलल्याने हलकं वाटतं: कर्करुग्णांच्या कथनामागचा इतिहास

दुखणं सांगितलं की जीव हलका होतो, हे खान्देशातल्या बायाबापड्यांना कुणी शिकवावं लागत नाही. ते मोजून पाहिलं गेलं १९८६ साली. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज १५ मिनिटं, सर्वांत क्लेशदायक अनुभवाबद्दल लिहायला लावलं. घटनेबरोबर मनातलंही लिहिणारे लगेच उदास झाले, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या.

कॅन्सरबाबत गाजला तो डेव्हिड स्पीगल यांचा १९८९चा अभ्यास. स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या ८६ स्त्रियांपैकी काहींची वर्षभर दर आठवड्याला दीड तास मन मोकळं करायची गटबैठक झाली. त्या सरासरी ३६.६ महिने जगल्या, उरलेल्या १८.९. 'बोलल्याने आयुष्य वाढतं' ही समजूत इथून पसरली आणि तिने नुकसानही केलं, कारण आजार बळावला की 'मीच मन मोकळं केलं नाही' असं रुग्णाला वाटू लागतं. २००१ साली कॅनडात पामेला गुडविन यांनी २३५ स्त्रियांवर हेच करून पाहिलं. आयुष्य वाढलं नाही. मनाची तगमग आणि वेदना मात्र कमी झाल्या, विशेषतः आधीच जास्त त्रासात असलेल्यांच्या. तेवढंही थोडं नाही.

कॅनडातच हार्वे चोचिनोव्ह यांनी शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी वेगळी पद्धत बसवली. तिचा अभ्यास २००५ साली आला. आयुष्यातलं महत्त्वाचं काय, घरच्यांनी काय लक्षात ठेवावं, असं विचारून बोलणं रेकॉर्ड करायचं, उतरवून रुग्णाला वाचून दाखवायचं, दुरुस्त करून घरच्यांना द्यायचं. वाचून दाखवणं टाळू नये. रागात निघालेलं वाक्य मागे घ्यायची संधी तिथेच मिळते.

जळगाव-धुळ्याकडे वहीपेक्षा मोबाइलचं रेकॉर्डिंग सोयीचं, आणि अहिराणी बोलणाऱ्याला अहिराणीतच बोलू द्यावं. प्रमाण मराठीत तो डॉक्टरला देतो तशी उत्तरं देतो. तोंडाच्या कॅन्सरमध्ये शेक (रेडिएशन) घेतल्यावर तोंड कोरडं पडतं, जीभ वळत नाही. तेव्हा दहा मिनिटं बोलणं, घोटभर पाणी, मग विश्रांती. शस्त्रक्रिया ठरली असेल तर आवाज आधीच टिपावा.

सर्वांत मोठी अडचण घरातली. 'आप्पांना सांगू नका' असं ठरलेलं असतं, म्हणून आधी 'तुम्हाला आजाराबद्दल काय सांगितलंय?' एवढंच विचारावं. 'असं वंगाळ बोलू नका' म्हणत मध्येच तोडणारा नातेवाईक जवळ बसला, तर रुग्ण गप्प होतो. त्या नातेवाइकाला काही वेळ बाहेर चहाला पाठवावं. नको म्हणणाऱ्याला आग्रह करू नये. झोप उडाली किंवा मरणाची भाषा येऊ लागली, तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावं.