जमिनीचा सामू आणि झाडांची मुळे (मराठवाडा)

सामू म्हणजे जमीन आम्ल की विम्ल याचे माप. 7 उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर विम्ल (अल्कधर्मी), आणि एका अंकाचा फरक दहापटीचा. सामू 5 च्या खाली उतरला की मातीतले ॲल्युमिनियम विरघळू लागते. मुळांची टोके आखूड व जाड होतात, कॅल्शियम-मॅग्नेशियम उचलले जात नाही. मध्य युरोपातल्या जंगलांना आम्लवर्षेने हाच फटका बसला.

मराठवाड्यात गणित उलटे आहे. बेसाल्ट झिजून झालेल्या इथल्या काळ्या जमिनीचा सामू बहुधा 7.5 ते 8.5 असतो आणि तिच्यातला मोकळा चुना (कॅल्शियम कार्बोनेट) आलेले आम्ल जिरवून टाकतो. किनवटच्या सागाला कॅल्शियम मानवते. जालन्याच्या मोसंबीला मात्र चुना जास्त झाला की सोसत नाही. लोह मातीत भरपूर असते, पण विरघळत नाही. शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी याला केवडा म्हणतात. जुनी पाने आधी पिवळी पडली तर रोग वेगळा, बहुतेकदा नत्राची कमतरता.

पिवळेपणा पाहून पाणी वाढवणे ही नेहमीची चूक. ओल्या, हवा कोंडलेल्या मातीत बायकार्बोनेट वाढते आणि लोह आणखी अडते.

बाग लावण्यापूर्वी तीन फूट खोल खड्डा घेऊन प्रत्येक थरावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकावेत. जोराने फसफसले तर चुना जास्त. वरचा थर शांत आणि दोन फुटांवर फेस, असेही दिसते. मुळे तिथे पोचेपर्यंत बाग छान वाटते. अशा जागी रंगपूर लाईम या लिंबाचा खुंट (ज्यावर मोसंबीचे कलम बांधतात ते रोप) त्यातल्या त्यात तग धरतो.

गंधकाने सगळे शेत सुधारेल ही आशा सोडावी. 1 किलो गंधक जिवाणूंमार्फत आम्ल होऊन जेमतेम 3 किलो चुना संपवते. 10 टक्के चुन्याच्या हेक्टरभर जमिनीत, वरच्या 15 सेंटीमीटरपुरतेच, सुमारे 70 टन लागेल. म्हणून ते आळ्यात, मुळांच्या टापूत, शेणखतात मिसळून द्यावे.

तातडीला फवारणी: 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 25 ग्रॅम चुन्याची गाळलेली निवळी, संध्याकाळी, कोवळ्या पालवीवर. फेरस सल्फेट हिरवट हवे. तांबूस झालेले निकामी. जमिनीतून द्यायचे तर ईडीटीए नव्हे, ईडीडीएचए चिलेट (लोहाला धरून विरघळलेले ठेवणारे संयुग) घ्यावे. ईडीटीएमधले लोह इथल्या कॅल्शियममुळे सुटते आणि पुन्हा मातीत अडकते. ईडीडीएचए महाग आहे, पण टिकते.