ऑफ-रोड वाहने सार्वजनिक रस्त्यावर चालवण्याचे नियम

एटीव्ही (क्वाड बाइक), साइड-बाय-साइड आणि डर्ट बाइक (कच्च्या वाटांची मोटारसायकल) ही माती, वाळू, चिखल व जंगलवाटांसाठी बांधलेली हौसेची वाहने आहेत. ती सार्वजनिक रस्त्यावर कुठे, कधी आणि कोणत्या अटींवर नेता येतात, याविषयीचे कायदे व चालवण्याच्या पद्धती या नोंदीत दिल्या आहेत. बहुतेक देशांत मूळ नियम एकच असतो: रस्त्यासाठी मंजूर न झालेले वाहन रस्त्यावर आणायचे नाही. बाकीचे कायदे म्हणजे या नियमाला ठेवलेले अपवाद, आणि लोक अडकतात ते या अपवादांतच.

वाहनांचे प्रकार

एटीव्हीवर घोड्यावर बसल्यासारखे दोन्ही बाजूंना पाय टाकून बसतात, हँडलने वळवतात आणि गॅस अंगठ्याने दाबतात. साइड-बाय-साइडमध्ये (यालाच यूटीव्ही म्हणतात) शेजारी-शेजारी सीट, मोटारीसारखे स्टिअरिंग व पेडल, डोक्यावर रोलकेज (वाहन उलटल्यास वाचवणारा पाइपांचा सांगाडा) आणि सीटबेल्ट असतो. कायदे या दोहोंना बहुधा वेगळे धरतात, म्हणून 'एटीव्हीला परवानगी' असा फलक पाहून साइड-बाय-साइड आत घालणे चुकीचे ठरू शकते. चौथे चाक हेदेखील सुरक्षेच्या वादातूनच पक्के झाले. होंडाने १९७० मध्ये तीनचाकी बाजारात आणली आणि सुझुकीने १९८२ मध्ये चारचाकी. तीनचाकी उलटण्याच्या तक्रारी वाढल्यावर १९८८ मध्ये अमेरिकेत उत्पादक व सरकार यांच्यात न्यायालयीन समझोता होऊन नव्या तीनचाकींची विक्री थांबली. २००८ च्या ग्राहक सुरक्षा कायद्याने ती बंदी कायम झाली.

डांबरावर हे वाहन का आवरत नाही

नियम कडक का आहेत हे मागच्या एक्सलखाली (दोन चाके जोडणाऱ्या दांड्याखाली) वाकून पाहिले की कळते. बऱ्याच एटीव्हींत मागची दोन्ही चाके एकाच सलग एक्सलवर घट्ट बसवलेली असतात, मध्ये डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची जोडणी) नसतो. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. दोन चाकांमधले अंतर ९० सेंमी धरले तर काटकोनी वळणात बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे १.४ मीटर जास्त चालते, मग वळण लहान असो की मोठे. मातीत आतले चाक थोडे घसरते आणि हा हिशेब आपोआप मिटतो. डांबरावर ते घसरायला तयार नसते. मग हँडल वळवूनही वाहन सरळच रेटत राहते. चालवणारा घाबरून हँडल आणखी वळवतो, पुढची चाके अचानक पकड घेतात आणि बाहेरच्या बाजूला झटका बसतो.

दुसरी गोष्ट उंचीची. चाकांमधले अंतर कमी, जमिनीपासून पोट उंच आणि वर बसलेला माणूस, त्यामुळे गुरुत्वमध्य वर जातो. मातीवर वेगात कट मारला तर वाहन उलटण्याआधी घसरते, म्हणजे माती एक प्रकारे वाचवते. डांबरावर टायर धरून ठेवतो आणि घसरण्याच्या जागी वाहन कलंडते.

तिसरी गोष्ट टायरची. मोटारीच्या टायरमध्ये साधारण ३० पीएसआय हवा असते, एटीव्हीच्या टायरमध्ये बहुधा ४ ते ७. इतक्या कमी हवेत एका पीएसआयचा फरकही मोठा असतो. मागच्या एका टायरमध्ये ४ आणि दुसऱ्यात ६ असली तर दोघांचा घेर बदलतो, आणि एक्सल सलग असल्याने सपाट रस्त्यावरही वाहन एका बाजूला ओढते. पेट्रोल पंपावरचा गेज १० च्या खाली धड वाचत नाही, त्यामुळे ० ते १५ चा कमी दाबाचा गेज जवळ ठेवावा आणि टायर गार असताना मोजावे. डांबरावर न्यायचे म्हणून हवा भरमसाट वाढवली तर टायरचा मध्य फुगतो, जमिनीला टेकणारा पट्टा अरुंद होतो आणि ब्रेक लागायला जास्त अंतर जाते. उत्पादकाने लिहिलेला आकडाच खरा.

अमेरिकेत एटीव्हीवरील मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक सार्वजनिक रस्त्यांवर होतात. हे वाहन मुळात रस्त्यासाठी बनवलेले नसताना ही स्थिती आहे.

सार्वजनिक रस्ता कुठे सुरू होतो

डांबर संपले की कायदा संपला, हा सर्वांत महाग पडणारा गैरसमज. साइडपट्टी, रस्त्याकडेचा चर, पूल, पार्किंगची जागा आणि पुष्कळदा कच्चा रस्तासुद्धा सार्वजनिक रस्त्यातच मोडतो. भारताच्या मोटार वाहन अधिनियम १९८८ मध्ये 'सार्वजनिक स्थळ' या व्याख्येत, रहदारीचा मार्ग असो वा नसो, लोकांना जाण्याचा हक्क असलेली कोणतीही जागा येते. कलम ३९ नुसार नोंदणीशिवाय वाहन चालवता येत नाही आणि कलम १४६ नुसार सार्वजनिक स्थळी तृतीय पक्ष विमा लागतो. फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेले खास वाहन 'मोटार वाहन' या व्याख्येबाहेर राहते. रिसॉर्टच्या कुंपणात भाड्याने फिरवली जाणारी एटीव्ही फाटकाबाहेर आली की प्रश्न का उभा राहतो, हे त्यावरून समजते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांत २००५ च्या नियमानंतर प्रत्येक विभागाचा मोटार वाहन वापर नकाशा निघतो. त्यात सर्व वाहनांना खुले रस्ते आणि फक्त महामार्गास पात्र वाहनांना खुले रस्ते वेगळ्या रेषांनी दाखवलेले असतात. दोन्ही रस्ते कच्चेच दिसतात आणि तिथे फलक नसला तरी नकाशाच लागू होतो. तिथल्याच विस्कॉन्सिन राज्यात 'ट्रेल' आणि 'रूट' हे शब्द वेगळे आहेत: ट्रेल म्हणजे खास वाट, तर रूट म्हणजे एटीव्हीसाठी खुला केलेला नेहमीचा रस्ता. रूटवर समोरून ट्रक येऊ शकतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

परवानगीच्या तऱ्हा

कायदे साधारण चार वाटांनी परवानगी देतात.

पहिली वाट म्हणजे वाहन मुळातच रस्त्याच्या वर्गात मंजूर करून घेणे. युरोपीय संघात नियमन १६८/२०१३ ने चारचाकी क्वाडसाठी एल६ई आणि एल७ई हे वर्ग ठरवले. एल७ई-बी१ म्हणजे हँडलची सर्व-भूमी क्वाड, तिचा कमाल वेग ताशी ९० किमी. एल७ई-बी२ म्हणजे साइड-बाय-साइड बग्गी, तिची शक्ती १५ किलोवॅटपर्यंत. याच नियमनात कठीण पृष्ठभागावर सुरक्षित वळता यावे म्हणून एका एक्सलवरील दोन चाके वेगवेगळ्या गतीने फिरू शकली पाहिजेत आणि लॉक होणारा डिफरन्शियल एरवी उघडा असला पाहिजे, अशी अट आहे. वर सांगितलेला १.४ मीटरचा हिशेब इथे थेट कायद्यात उतरला आहे. बऱ्याच एटीव्ही मात्र ६०० किलोपर्यंतच्या टी३ या ट्रॅक्टर वर्गात मंजूर होऊन येतात. नोंदणीपत्रावर एल आहे की टी, यावरून परवाना, वेग व हेल्मेटचे नियम बदलू शकतात, म्हणून जुने वाहन घेताना रंगाआधी हे अक्षर पाहावे.

दुसरी वाट म्हणजे राज्याच्या यादीप्रमाणे साहित्य बसवून नंबरप्लेट घेणे. अमेरिकेत केंद्रीय कायदा एटीव्हीला 'मोटार वाहन' मानतच नाही, कारण ती मुख्यतः रस्त्यासाठी बनलेली नसते. त्यामुळे निर्णय राज्यांकडे जातो. ॲरिझोना, युटा, आयडाहो, मोंटाना येथे अशी सोय आहे, इतर अनेक राज्यांत नाही. एका राज्याची प्लेट शेजारच्या राज्यात चालेलच असे नाही. १९९८ मध्ये अमेरिकेत मंद गतीच्या वाहनांचा वेगळा वर्ग झाला, पण त्यात ताशी सुमारे ३२ ते ४० किमी वेगाचीच वाहने बसतात. त्याहून वेगवान साइड-बाय-साइडला केवळ आरसे आणि दिवे लावून त्या वर्गात शिरता येत नाही.

तिसरी वाट स्थानिक ठरावाची. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात ३१६/०३ या विनियमानुसार जिथे परवानगी आहे तिथे साइडपट्टीवरून, वाहतुकीच्याच दिशेने चालवायचे असते. रस्त्याची वेगमर्यादा ५० किंवा त्याहून कमी असेल तर ताशी २० किमीच्या वर जायचे नाही आणि मर्यादा ५० पेक्षा जास्त असेल तर ५० च्या वर नाही. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात खुल्या केलेल्या रस्त्यांवर ताशी २५ मैल, अगदी उजव्या कडेने आणि एकामागे एक, असा नियम आहे.

चौथी वाट कामाची. ब्रिटनमध्ये शेतीची क्वाड बाइक शेतीच्याच कामासाठी, चालकाशिवाय कोणी नसताना, जमिनीच्या दोन तुकड्यांमध्ये दीड किलोमीटरपर्यंत रस्त्याने नेता येते. हौसेच्या फेरीला ही सवलत नाही. ऑस्ट्रेलियाच्या काही राज्यांत अशा वापरासाठी सशर्त नोंदणी मिळते.

रस्ता ओलांडणे

रस्त्यावरून चालवायला बंदी असली तरी ओलांडायला बहुधा मुभा असते. अमेरिकेतील अनेक राज्यांच्या कायद्यांत त्याच्या अटी जवळपास सारख्याच आहेत: साइडपट्टीच्या आधी पूर्ण थांबायचे, दोन्हीकडच्या वाहतुकीला आधी जाऊ द्यायचे, साधारण ९० अंशांत सरळ ओलांडायचे, आणि दृष्टीस अडथळा नसेल अशीच जागा निवडायची. दुभाजक असलेला रस्ता फक्त चौकातच ओलांडता येतो. तिरके ओलांडले तर रस्त्यावर असण्याचा वेळ वाढतो, शिवाय साइडपट्टीची कडा चाकाखाली तिरकी आली की वाहन कलते. गटाने जाताना पुढच्याने मागच्याला 'ये' म्हणून हात करू नये. त्याच्या जागेवरून मोकळा दिसणारा रस्ता मागच्याला मोकळा असतोच असे नाही. प्रत्येकाने आपल्यापुरते थांबून, पाहून जावे.

साहित्य आणि ते बसवताना होणाऱ्या चुका

लागणारी यादी बहुधा अशी असते: हेडलाइट, टेललाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर, हॉर्न, आरसा, रिफ्लेक्टर, नंबरप्लेटचा दिवा, सायलेन्सरसोबत स्पार्क अरेस्टर (ठिणग्या अडवणारी जाळी) आणि रस्त्यास मंजूर टायर. ॲरिझोनाच्या यादीत इंडिकेटर नाही, इतर काही ठिकाणी तो लागतोच, म्हणून बाजारातले तयार किट आपल्या यादीशी पडताळूनच घ्यावे.

तपासणीत सर्वाधिक अडतो तो ब्रेकलाइट. बऱ्याच एटीव्हींत पुढचा ब्रेक हाताचा आणि मागचा पायाचा असतो, आणि स्विच एकालाच जोडलेला असतो. दोन्ही वेगवेगळे दाबून मागचा दिवा लागतो का ते पाहावे. एलईडी इंडिकेटर जुन्या फ्लॅशर रिलेवर (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या स्विचवर) लावले की ते भराभर लुकलुकतात, कारण रिलेला पुरेसा भार मिळत नाही. एलईडीचा रिले टाकला की काम होते. वायर थेट बॅटरीवरून घेतली तर चावी काढल्यावरही करंट खातो, म्हणून ती चावीनंतरच्या लाइनवरून घ्यावी आणि फ्यूज बॅटरीजवळ ठेवावा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून वायर ताणली जात नाही ना, हेही पाहावे. पहिल्या दिवशी सगळे चालते, वायर तुटते ती महिन्याभराने.

टायरच्या बाजूवर एनएचएस ही अक्षरे असतील तर तो महामार्गासाठी नाही. एटी२५×८-१२ याचा अर्थ बाहेरचा व्यास २५ इंच, रुंदी ८ आणि रिम १२. रस्त्याच्या टायरवर वेगाचे अक्षरही असते: एफ म्हणजे ताशी ८० किमी, जे म्हणजे १००, एन म्हणजे १४०. डीओटी (अमेरिकी वाहतूक खात्याच्या) खुणेच्या शेवटी २३१९ असेल तर तो २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला. आवाजाची मर्यादा अनेक ठिकाणी ९६ डेसिबल आहे. मायक्रोफोन सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर ४५ अंशांत धरून ती मोजतात. भडक आवाजाचा सायलेन्सर लावून आणलेले वाहन इथेच परत जाते.

भारतात अशा बदलांना वाव कमी आहे. कलम ५२ नुसार वाहनाचा तपशील उत्पादकाच्या मूळ मंजुरीपेक्षा वेगळा करता येत नाही, आणि मूळ नमुन्याची मंजुरी नियम १२६ नुसार एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडून उत्पादकाला घ्यावी लागते. ती नसेल तर गॅरेजमध्ये कितीही दिवे लावले तरी पासिंग होणार नाही.

डांबरावर चालवताना

फोर-व्हील ड्राइव्ह बंद करावा. डिफरन्शियल लॉक असेल तर उघडावा आणि 'टर्फ' मोड (मागची चाके वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा) असेल तर तो लावावा. लॉक ठेवून डांबरावर वळल्यास हँडल जड होते आणि शाफ्ट व गिअर यांच्यावर पीळ साठतो. वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात शरीर आतल्या बाजूला झुकवावे, गॅस एकसारखा ठेवावा. एका सीटच्या एटीव्हीवर मागे कोणाला बसवू नये. चालकाला शरीर पुढे-मागे हलवता येण्यासाठीच ती सीट लांब असते, आणि मागे कोणी बसले की वजन मागच्या एक्सलवर जाऊन पुढची चाके हलकी होतात. रात्री जवळजवळ लावलेले दोन दिवे मागच्या चालकाला दूरच्या मोटारीसारखे भासतात. उंच काठीवरचा झेंडा किंवा रुंद लावलेले रिफ्लेक्टर इथे उपयोगी पडतात.

परवाना वर्गाप्रमाणे लागतो. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९८८ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सुरक्षा प्रशिक्षणाचा दाखला आवश्यक आहे. विम्याच्या कागदात 'सार्वजनिक रस्त्यावरील वापर' वगळला आहे का, हे आधी वाचावे, कारण ऑफ-रोड पॉलिसीत ती ओळ पुष्कळदा असते. चिखलातून आल्यावर चाके झाडूनच रस्त्यावर चढावे. डांबरावर पडलेले ढेकूळ मागच्या दुचाकीला घसरवते आणि अनेक ठिकाणी तो दंडनीय गुन्हा आहे.

या सगळ्यात पडायचे नसेल तर वाहन ट्रेलरवर न्यावे. गिअर न्यूट्रलमध्ये न ठेवता पार्किंग ब्रेक लावावा आणि चारही कोपऱ्यांतून पट्ट्यांनी ताणून बांधावे. वाहन मात्र ट्रेलर वाटेच्या तोंडाशी नेऊनच उतरवावे: रॅम्पवरून खाली आणून पार्किंगमधून वाटेपर्यंत पन्नास मीटर चालवत नेले तरी ते रस्त्यावर चालवणेच ठरू शकते.