हिमयुगातील महाकाय सस्तन प्राणी

प्लाइस्टोसीन कालखंडात (सुमारे २५.८ लाख ते ११,७०० वर्षांपूर्वी) वावरणारे आणि त्याच्या शेवटच्या टप्प्यात, मुख्यतः गेल्या ५०,००० वर्षांत, नाहीसे झालेले मोठे सस्तन प्राणी. साधारणपणे ४५ किलोच्या वर वजन असलेल्या प्राण्याला या विषयात ‘महाकाय’ म्हणतात. त्यामुळे मॅमथच्या पंगतीत मोठी हरणे आणि लांडगेही येऊन बसतात. ‘हिमयुग’ या शब्दामुळे मात्र एक घोटाळा होतो. हे प्राणी थंडीने मेले, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक प्लाइस्टोसीनमध्ये हिमकाल आणि उबदार काळ आळीपाळीने अनेकदा येऊन गेले आणि यांतल्या बऱ्याच प्राण्यांचे वंश त्या फेऱ्यांतून तगले. ते संपले शेवटच्या फेरीत, आणि तेही एकदम नव्हे: ऑस्ट्रेलियातले आधी, अमेरिकेतले त्यानंतर हजारो वर्षांनी, तर सायबेरियाजवळच्या एका बेटावरचे अगदी अलीकडे. विलोपाच्या कारणांचा सारा वाद या मागेपुढे असलेल्या तारखांभोवती फिरतो.

शेवटचा हिमकाल सुमारे २६,००० ते १९,००० वर्षांपूर्वी ऐन भरात होता. पाणी बर्फात अडकल्याने समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली गेली होती आणि सायबेरिया व अलास्का जमिनीने जोडलेले होते. स्पेनपासून कॅनडापर्यंत थंड, कोरडा गवताळ माळ पसरला होता. आज त्याच उत्तरेकडे शेवाळाने भरलेली ओली टंड्रा भूमी आहे आणि तिच्यावर हत्तीएवढ्या प्राण्यांचे कळप पोसले जाणे अवघड आहे. त्या वेळी मात्र मॅमथ, केसाळ गेंडे, घोडे आणि गवे यांना तिथे पोटभर चरायला मिळत असे.

केसाळ मॅमथ हा या प्राण्यांपैकी सर्वांत ओळखीचा. त्याची खांद्यापाशी उंची तीन मीटरच्या आसपास, म्हणजे आजच्या हत्तीएवढीच. चित्रांत दिसतो तसा तो डोंगराएवढा नव्हता. आफ्रिकी हत्तीपेक्षा आपल्याकडचा आशियाई हत्ती त्याचा अधिक जवळचा नातलग. अंगावर दाट लोकर आणि तिच्यावर लांब राठ केस, कातडीखाली चरबीचा जाड थर, उष्णता वाया जाऊ नये म्हणून लहानसे कान, आखूड शेपटी आणि शेपटीखाली गुदद्वार झाकणारा कातडीचा पडदा, असा सगळा बंदोबस्त होता. त्याचे हिमोग्लोबिनही थंडीत ऑक्सिजन सोडू शकेल अशा प्रकारे बदललेले होते.

बारमाही गोठलेल्या जमिनीमुळे या प्राण्याची नुसती हाडे नव्हे, मांस आणि कातडीही हाती लागते. २००७ साली सायबेरियातल्या यामाल द्वीपकल्पात एका रेनडियरपालकाला मॅमथचे पिल्लू सापडले. ‘ल्यूबा’ नावाने ते ओळखले जाते. सुमारे ४२,००० वर्षांपूर्वी मेलेली ही मादी जेमतेम महिन्याची होती आणि मोठ्या कुत्र्याएवढी होती. सोंडेत आणि श्वासनलिकेत चिखल गच्च भरलेला होता. चिखलात रुतून ती गुदमरली. पोटात आईचे दूध होते आणि आतड्यात मोठ्या मॅमथच्या लिदेचे अंश. हत्तीची पिल्ले आजही आईची लीद खातात, कारण चारा पचवणारे सूक्ष्मजंतू त्यांना तिच्यातून मिळतात. एवढ्या एका गोष्टीवरून ४२,००० वर्षांपूर्वीच्या कळपातले वागणे डोळ्यांपुढे उभे राहते.

इतर प्राण्यांपैकी केसाळ गेंडा सुमारे १४,००० वर्षांपूर्वीपर्यंत सायबेरियात होता. तुमात येथे गोठलेल्या अवस्थेत मिळालेल्या लांडग्याच्या पिल्लाच्या पोटात या गेंड्याच्या मांसाचा केसांसकट तुकडा निघाला. तथाकथित ‘आयरिश एल्क’ नावाला आयरिश असले तरी युरोपपासून सायबेरियापर्यंत पसरलेले होते आणि ते एल्क या जातीचे हरिणही नव्हते. हे प्रचंड हरिण साडेतीन मीटर पसाऱ्याची शिंगे डोक्यावर वागवी आणि सुमारे ७,७०० वर्षांपूर्वीपर्यंत टिकले. दक्षिण अमेरिकेत हत्तीच्या वजनाचे, जमिनीवर राहणारे स्लॉथ (मेगाथेरियम; आज झाडांना लटकून राहणाऱ्या संथ स्लॉथांचे नातलग) आणि पाठीवर ढालीसारखे कवच असलेला ग्लिप्टोडॉन होता. ऑस्ट्रेलियात गेंड्याएवढा पिशवीवाला डायप्रोटोडॉन. खंजिरासारख्या सुळ्यांचा स्मायलोडॉन अमेरिकेतला. त्याला सर्रास ‘वाघ’ म्हणतात, पण वाघाशी त्याचे नाते दूरचेच.

स्मायलोडॉनची हाडे सर्वांत जास्त मिळतात ती लॉस एंजेलिस शहरातल्या रांचो ला ब्रेआ येथे. तिथे जमिनीतून नैसर्गिक डांबर पाझरते. त्यावर धूळ आणि पाचोळा बसला की ते साधी जमीन भासते. एखादा गवा त्यात रुतला की त्याच्या ओरडण्याने शिकारी धावून येत आणि एकामागून एक स्वतःच चिकटून बसत. म्हणूनच तिथल्या सस्तन प्राण्यांच्या हाडांमध्ये सुमारे नव्वद टक्के मांसभक्षकांची आहेत. निसर्गातले प्रमाण नेमके याच्या उलट असते.

प्राण्याची एखादी जात कायमची संपू शकते ही कल्पनाच मुळी अडीचशे वर्षांपलीकडची नाही. झॉर्झ क्यूव्ह्ये या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १७९६ साली पॅरिसमध्ये जिवंत हत्ती आणि मॅमथ यांच्या दाढा व जबडे ताडून पाहिले आणि मॅमथ हा वेगळा, आज अस्तित्वात नसलेला प्राणी असल्याचे सांगितले. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनला हे पटले नव्हते. अमेरिकेच्या पश्चिमेकडे हे प्राणी अजून कुठेतरी असतील असे तो धरून होता. मोठमोठ्या नखांच्या हाडांवरून त्याने सिंहासारख्या एका प्राण्याची कल्पना केली. ती हाडे पुढे स्लॉथची ठरली आणि आज त्या जातीला त्याचेच नाव आहे.

विलोपाच्या कारणांबाबत दोन प्रमुख मते आहेत. पॉल मार्टिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात माणसाच्या शिकारीकडे बोट दाखवले. अमेरिकेत सुमारे १३,००० वर्षांपूर्वी क्लोव्हिस या तिथल्या प्राचीन शिकारी संस्कृतीचे दगडी टोकांचे भाले दिसू लागतात आणि त्यानंतर थोड्याच काळात मोठे प्राणी दिसेनासे होतात. उत्तर अमेरिकेत त्यांच्या सुमारे सत्तर टक्के प्रजाती गेल्या. ऑस्ट्रेलियातही माणूस आल्यानंतरच्या काही हजार वर्षांतच ही गळती झाली. दुसरे मत हवामानबदलाचे: तापमान वाढले, पाऊस वाढला, माळावर झुडपे आणि दलदल आली. सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी उत्तरेकडे एकाएकी पुन्हा थंडी पडली, तो धक्का वेगळाच. धूमकेतू आदळल्याचे तिसरे मतही मांडले गेले आहे, पण त्याचा पाया कच्चा आहे.

शिकारीच्या मताला एक साधा आक्षेप घेतला जातो: मूठभर माणसे एवढे कळप कसे संपवतील? पण हत्तीवर्गातल्या मादीचा गर्भकाळ जवळजवळ बावीस महिन्यांचा असतो आणि दोन पिल्लांमध्ये चार-पाच वर्षांचे अंतर पडते. अशा प्राण्याची जात खालावायला कत्तल लागत नाही. दरवर्षी जन्मांपेक्षा दोनचार मृत्यू जास्त झाले तरी काही शतकांत हिशेब संपतो. उलट बाजूने, शिकारीचा थेट पुरावा कमीच आहे. ॲरिझोनात नाको येथे १९५२ साली एका मॅमथच्या सांगाड्यात भाल्याची आठ टोके मिळाली, पण मांस कापल्याच्या खुणा नाहीत. बहुधा तो जखमी होऊन निसटला आणि दूर जाऊन मेला. हवामानाने कळप विस्कटले आणि उरलेल्यांना माणसाने गाठले, हे मिश्र उत्तरच आज अधिक पटते. मात्र प्रत्येक खंडात दोहोंचे प्रमाण वेगळे धरावे लागते.

आफ्रिका आणि दक्षिण आशियात नुकसान तुलनेने कमी झाले. इथले प्राणी लाखो वर्षे माणसाच्या पूर्वजांसोबतच वाढले, त्यामुळे त्यांना त्याची धास्ती होती, असे याचे एक स्पष्टीकरण आहे. तरी भारतातूनही काही प्राणी गेलेच: सरळ सुळ्यांचा प्रचंड हत्ती, स्टेगोडॉन हा हत्तीसारखा प्राणी, पाणघोडा आणि रानघोड्याची एक जात. त्या सरळ सुळ्यांच्या हत्तीच्या ‘नामाडिकस’ या शास्त्रीय नावात नर्मदाच आहे. त्याचे अवशेष नर्मदेप्रमाणे गोदावरीच्या जुन्या गाळातही, नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर येथे, मिळाले आहेत. शहामृग सस्तन नव्हे, पण तोही याच काळात इथे होता: चाळीसगावजवळ पाटणे येथे त्याच्या अंड्याचे, नक्षी कोरलेले सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे कवच सापडले आहे.

मॅमथचा शेवट झाला आर्क्टिक महासागरातील रँगेल बेटावर. समुद्र वर चढल्याने सुमारे १०,००० वर्षांपूर्वी हे बेट मुख्य भूमीपासून तुटले. जनुकीय अभ्यासानुसार तिथे अडकलेले मॅमथ फार तर आठ असावेत. त्यांची संख्या पुढे दोन-तीनशेवर गेली आणि एकमेकांतच वीण होत असूनही ती सहा हजार वर्षे तगली. सुमारे ४,००० वर्षांपूर्वी, म्हणजे आपल्याकडे प्रवरेकाठी दायमाबादला शेतकऱ्यांची वस्ती होती त्या सुमारास, शेवटचे मॅमथ गेले.

त्यांचे सुळे मात्र अजून बाजारात आहेत. सायबेरियात उन्हाळ्यात नदीचे काठ ढासळले की ते उघडे पडतात आणि विकले जातात. हत्तीच्या सुळ्यांवर आंतरराष्ट्रीय व्यापारबंदी आल्यापासून त्यांना मागणी वाढली आणि मॅमथच्या नावाखाली हत्तीचे दातही खपवले जाऊ लागले. खरेखोटे ओळखायला सुळ्याचा आडवा छेद घेतात. त्यात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. कडेजवळ त्या रेषांमधला कोन ९० अंशांहून कमी असेल तर सुळा मॅमथचा, ११५ अंशांहून जास्त असेल तर हत्तीचा.